‘दुपदरी लोकर, सुई ८ नंबर’ – पण कुठली दुपदरी आणि कुठला ८?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन धागे एकत्र घेऊन विणलेल्या हलक्या स्कार्फची कृती आली होती. फोटो सुरेख होता, त्यात वाद नाही. तो पाहून माझ्या धाकट्या जावेनं दहा-बारा वर्षं माळ्यावर पडलेल्या सुया खाली काढल्या, हे श्रेय तुमचंच. तीन आठवड्यांनी ती आमच्याकडे आली, पिशवीतून वीतभर विणकाम काढून टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे टेकवलं, आणि ते तसंच काटकोनात उभं राहिलं.

“वहिनी, हा गळ्यात घालायचा की याच्यावर कॅलेंडर चिकटवायचं?”

मी तिलाच बोल लावला. म्हटलं, तुझा हात पहिल्यापासून घट्ट. ती बिचारी गप्प बसली आणि पुरवणीतलं कात्रण माझ्यापुढे सरकवलं. ते वाचल्यावर मला माझे शब्द मागे घ्यावे लागले. ते कसे घ्यावे लागले, हे आपल्या इतर वाचकांनाही कळावं म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त आकडे तेवढे कापू नका.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, नाहीतर ही बाई एवढा कीस का काढते असं वाटेल. मी ३१ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. फुटलेल्या परीक्षानळ्यांची नोंद ठेवायची, स्प्रिंगचे काटे शून्यावर आणायचे आणि मुलांनी लिहिलेल्या उत्तरापुढे एकक आहे की नाही ते बघायचं, यात हयात गेली. एकक नसलेला आकडा दिसला की आजही माझा हात लाल पेन शोधतो.

तुमच्या कृतीचं पहिलंच वाक्य होतं: ‘दुपदरी लोकर घ्यावी, सुई ८ नंबरची.’ एवढ्याशा वाक्यात दोन खड्डे आहेत आणि माझी जाऊ दोन्हींत पडली.

धागा पिळताना जेवढे सुटे पेड एकमेकांभोवती गुंडाळतात, तेवढ्या पदरांची ती लोकर. तीन पदरी, चार पदरी हे शब्द आपण आईच्या तोंडून ऐकत आलो. त्या काळी पदर साधारण ठरावीक जाडीचा असे, म्हणून पदर सांगितले की जाडी कळायची. आता तसं राहिलेलं नाही. एकाच पदराचा, पण पेन्सिलीएवढा जाड धागा मिळतो आणि चार पदर असूनही शिवणाच्या दोऱ्याहून जेमतेम जाड असा धागाही मिळतो. तेव्हा पदरांच्या आकड्यावरून जाडी ठरवणं म्हणजे माळ्यांवरून इमारतीची रुंदी सांगणं.

त्यात ‘दुपदरी’ म्हणजे काय? दोन पदर पिळून केलेला एक धागा, की दोन वेगवेगळे धागे जोडीनं सुईवर घ्यायचे? तुम्हाला दुसरा अर्थ अभिप्रेत होता, ते फोटोवरून कळतं. आमच्या समोरच्या बाईंनी मात्र पहिला अर्थ घेतला, दोन पदरांची बारीक लोकर आणून एकेरीच विणली, आणि त्यांची मच्छरदाणी झाली. जावेनं अर्थ बरोबर घेतला, पण कोणते दोन धागे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिच्याकडे नेहमीची चार पदरी लोकर होती. तिच्या दोन गुंड्यांची टोकं एकत्र केली आणि टाके घातले.

आता सुई. घरात व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायचं उपकरण, आहे (निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेला, लोक घड्याळ देतात, मला हा दिला आणि मी खूश आहे). जावेच्या सुईवर ८ आकडा कोरलेला होता. जबड्यात धरून मोजली, तर बरोबर ४ मिलिमीटर भरली. म्हणजे सुई खोटी नव्हती. जुन्या ब्रिटिश मापात ८ नंबर म्हणजे ४ मिमी. पण अमेरिकन मापात ८ नंबर म्हणजे ५ मिमी! वर आणखी गंमत अशी की ब्रिटिश मापात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते आणि अमेरिकन मापात नंबर वाढेल तशी जाड. फोटोतली वीण इतकी सैल आणि मोकळी आहे की ती ४ मिमीच्या सुईवर झालेली असणं शक्य नाही. मूळ कृती अमेरिकन मापातली असावी आणि ८ आकडा तसाच उतरवला गेला असावा, असा माझा तर्क. तुमच्याकडे मूळ कागद असेल तर पडताळून पाहा.

तेव्हा जाड धाग्यांची जोडी, त्यात बारीक सुई. पुठ्ठा नाही होणार तर काय होणार.

खरी अडचण मात्र याच्याही खाली आहे आणि ती फक्त तुमच्या कृतीत नाही, बहुतेक सगळ्या छापील कृतींत आहे. लोकर ‘१०० ग्रॅम’ लिहितात आणि लांबी लिहीत नाहीत. एकेरी धाग्यानं विणताना एकवेळ चालून जातं. दोन धागे जोडीनं घेतले की लांबीशिवाय पान हलत नाही.

कसं ते दाखवते. जावेचा पुठ्ठा पाहिल्यावर मी स्वतः हा स्कार्फ विणायला घेतला. एक धागा मेरिनोचा (मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर), अगदी बारीक. गुंडीवरच्या कागदी पट्टीवर ५० ग्रॅमला ४०० मीटर असं छापलेलं. दुसरा मोहेर (बकरीची केसाळ लोकर) आणि रेशमाचा, धुक्यासारखा, २५ ग्रॅमला २१० मीटर. हे दोन्ही आकडे एका पातळीवर आणायचे तर १ किलोमीटर धाग्याचं वजन काढायचं. मेरिनोचं येतं १२५ ग्रॅम, मोहेरचं ११९. (वस्त्रोद्योगात या मापाला टेक्स म्हणतात, म्हणजे मी काही नवीन शोध लावलेला नाही.) जोडीनं घेतले की वजनांची सरळ बेरीज: २४४. म्हणजे जोडीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४१० मीटर. पुष्कळ जणी इथं मीटरची बेरीज किंवा सरासरी करतात आणि फसतात. मीटर मिळवायचे नसतात, वजनं मिळवायची असतात.

आता जावेच्या लोकरीची पट्टी: ५० ग्रॅमला १४० मीटर. किलोमीटरला ३५७ ग्रॅम, दुहेरी ७१४. माझ्या जोडीच्या जवळजवळ तिप्पट! ‘दोन धागे एकत्र’ दोघींनीही घेतले होते आणि दोघींनीही कृती पाळली होती, असं तुम्ही आणि मी शपथेवर सांगू शकतो.

यावर कोणी म्हणेल, मग बाई, ४१० मीटरला १०० ग्रॅम भरणारी एकच लोकर आणावी, दोन धाग्यांची कटकट कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. मोज्यांची लोकर साधारण याच हिशेबाची असते, १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपास. ती घरात होती, म्हणून दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी विणून पाहिले. मोज्यांची लोकर ५ मिमीच्या सुईवर विणली तर टाके पसरले, भोकं पडली, कापड लुळं लोंबायला लागलं. तिला अडीच-तीन मिमीची सुईच हवी. तेवढ्याच वजनाची माझी जोडी मात्र ५ मिमीवर छान अंग धरून बसली. कारण मोहेरची लव. तो उभा राहणारा केसाळपणा टाक्याटाक्यांमधली मोकळी जागा भरतो, पण भरतो ती हवेनं. गुळगुळीत मेरिनो आतून सांगाडा देतं आणि मोहेर भोवती धुकं धरतं. मोहेर एकटं विणलं तर कोळ्याचं जाळं, मेरिनो एकटं विणलं तर ओढणीचा तुकडा. दोन्ही मिळून जे होतं ते तिसरंच कापड असतं. दोन बारीक धागे मिळून एक जाड धागा होतो असं तुमच्या कृतीत म्हटलंय, ते वजनापुरतं खरं आहे. कापडाच्या बाबतीत नाही.

मोहेरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक दुरुस्ती. ‘मोहेर, म्हणजे अंगोरा सशाचे केस’ असं चौकटीत छापलंय. सशाच्या केसांच्या धाग्याला अंगोरा म्हणतात. मोहेर मिळतं अंगोरा बकरीपासून. अंगोरा हे अंकारा शहराचं जुनं नाव, ते बकरीलाही चिकटलं आणि सशालाही, त्यामुळे हा गोंधळ पुष्कळ ठिकाणी होतो. बकरीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, आणि करडाची लोकर मोठ्या बकरीच्या लोकरीपेक्षा पुष्कळ बारीक नि मऊ असते. गळ्याशी घालायच्या वस्तूला करडाचीच घ्यावी, मोठ्या बकरीची टोचते. मेंढीच्या केसावर खवले असतात तसे मोहेरवरही असतात, पण चपटे, अंगासरशी बसलेले. म्हणून त्याला चकाकी असते. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना मेंढीचा केस दाखवायचे. मोहेर तेव्हा हाताशी नव्हतं, याची आता रुखरुख लागते.

विणीबद्दल तुम्ही ‘आवडीची कोणतीही उठावदार वीण’ लिहून मोकळे झालात. कोणतीही चालत नाही. सगळीकडे सुलट, म्हणजे गुळगुळीत, बाजू दिसणारी साधी वीण घेतली तर स्कार्फच्या दोन्ही कडा मागच्या बाजूला वळतात आणि घडीघडीला सरळ करत बसावं लागतं. वेलबुट्टीची गुंतागुंतीची वीण घेतली तर मोहेरच्या लवेखाली ती दिसतच नाही, मेहनत पाण्यात. मी दोन-तीन करून पाहिल्या आणि सगळ्यांत सोपी ठेवली: एक ओळ पूर्ण सुलट, परतीची ओळ एक सुलट एक उलट. बस. टाक्यांची संख्या विषम हवी. समोरून एका आड एक उभ्या रेघा उठतात, एक गुळगुळीत, एक खरबरीत. मागून वेगळाच दाणेदार पोत येतो. कडा जवळजवळ सपाट राहतात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका धागे पुढे ठेवून न विणता नुसता दुसऱ्या सुईवर सरकवला आणि शेवटचा नेहमी सुलट घातला, त्यामुळे कडेला साखळी आली.

टाके ४७. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. आधी ३० टाक्यांचा तुकडा विणला. सुईवरून काढला तेव्हा १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके होते. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात दाबून, सपाट वाळवल्यावर तेवढ्याच जागेत १६. दोन टाक्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. ४७ टाक्यांवर तो २६ सेंटिमीटर आणि २९ सेंटिमीटर एवढा पडतो, म्हणजे जवळजवळ दोन बोटं रुंदी. तुमच्या कृतीत ‘नमुन्याचा तुकडा विणण्यात वेळ घालवू नये, स्कार्फ कुणाच्या मापाचा नसतो’ असं खेळीमेळीनं लिहिलंय. माप कुणाचं नसेल, लोकर तर मापातच असते! सैल विणीनं रुंदी दोन बोटं वाढली की शेवटी लांबीला धागा पुरत नाही.

आता माझ्या फजित्या. दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर स्वतःच्या न सांगणं बरं दिसत नाही.

सुरुवातीला मला वाटलं, दोन गुंड्या सांभाळण्यापेक्षा दोन्ही धागे आधीच एकत्र गुंडाळून एकच गुंडी करावी. केली. पंचवीस-तीस ओळी झाल्या आणि मोहेरचे सैल फासे बाहेर लोंबायला लागले. आधी वाटलं, हात सैल पडला. मग उजेड पडला. मेरिनो लवचिक. गुंडाळताना ते ताणलं जातं आणि गुंडीतून बाहेर आलं की पुन्हा आखडतं. रेशमाच्या गाभ्याचं मोहेर तेवढं ताणलं जात नाही, मग आखडणार कुठून? दर फेऱ्याला मेरिनो थोडं कमी आणि मोहेर थोडं जास्त बाहेर येत राहतं. स्प्रिंग आणि सुतळी एकत्र गुंडाळून बघा, हेच होईल. एवढी वर्षं स्प्रिंगा हाताळून हे मला उसवताना कळलं.

गुंड्या वेगळ्याच ठेवायच्या, एक डावीकडे पिशवीत, एक उजवीकडे डब्यात. ओळ संपली की काम एकदा घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं आणि पुढच्या वेळी उलट दिशेनं, म्हणजे धागे एकमेकांना फार वेढे घालत नाहीत. थोडे घातले तर घालू द्यावेत, त्यानं काही बिघडत नाही. काही जणी दर ओळीला पीळ सोडवत बसतात. त्यांचा स्कार्फ पुढच्या वर्षी होतो.

उसवण्याचं म्हणाल तर मोहेर उसवणं ही शिक्षा आहे. लव लवेत अडकते, ओढलं की गाठ बसते, आणखी ओढलं की तुटतं. विणणाऱ्या बायकांमध्ये एक युक्ती चालते: काम पिशवीत बंद करून तासभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, लव ताठरते आणि जरा सुटी होते. मी ठेवलं. आमच्या ह्यांनी बर्फ काढायला फ्रीजर उघडला आणि आतून हाक आली, “अगं, इथं काहीतरी केसाळ आहे!” मेलेलं काही असावं अशा आवाजात. उपाय पूर्ण लागू पडत नाही, पण पडतो. त्या दिवशी तीस ओळी उसवायला मला पाऊण तास लागला आणि एकदाच तुटलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच लव टाका सुटला तर त्याला धरून ठेवते. गुळगुळीत लोकरीत सुटलेला टाका शिडीसारखा सरसर खाली जातो. इथं तो जागच्या जागी बसून राहतो, तुम्ही चहूकडे शोधाशोध करून परत येईपर्यंत.

सगळ्यांत जास्त छळलं ते अठ्ठेचाळिसाव्या टाक्यानं. ४७ टाके घेऊन निघालेली ओळ शेवटी ४८ भरायची. वाढलेला टाका येतो कुठून? जोडीनं विणताना प्रत्येक टाका म्हणजे सुईवर बसलेले दोन फासे, एक गुळगुळीत, एक केसाळ. सुईचं टोक दोन्हींच्या खालून जायला हवं. घाईत ते मधून गेलं की मेरिनोचा एक टाका विणला जातो आणि मोहेरचा दुसरा. डोळ्यांना दिसत नाही, कारण मोहेर मेरिनोला झाकतं. मी डोळ्यांवर विसंबायचं सोडलं. डाव्या अंगठ्याच्या पेरानं पुढचा टाका किंचित पुढे ढकलायचा. दोन्ही धागे असतील तर पेराला एक भरीव कणा लागतो, एकच असेल तर पोकळ लागतं. दहा-पंधरा ओळींनंतर अंगठाच शहाणा होतो. आणि परतीच्या प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायचे. ४८ आले तर लगेच शोधायचं: जिथं शेजारी शेजारी एक निव्वळ गुळगुळीत आणि एक निव्वळ केसाळ पाय दिसेल, ते दोन्ही टाके एक ओळ खाली सोडायचे आणि जोडीनं धरून पुन्हा एकच टाका वर विणून आणायचा. दोन ओळींनी लक्षात आलं तरी जमतं. दहा ओळींनी आलं तर कुणाला सांगू नये.

रंगाचंही एक निरीक्षण आहे. माझ्याकडे राखाडी आणि मोरपंखी असे दोन रंग होते. आधी मोरपंखी मेरिनोवर राखाडी मोहेर घेतलं. वाटलं होतं छान दिसेल. दिसलं असं की मोरपीस कपाटावर वर्षभर धूळ खात पडलंय. उलट केलं, राखाडी मेरिनो आणि मोरपंखी मोहेर, तर तेच दोन रंग जिवंत झाले. जवळून राखाडी दाणे दिसतात, चार पावलं मागे गेलं की सगळा मोरपंखी, आणि खिडकीसमोर धरला की कडेला नुसती निळसर झाक. बाहेर जो रंग हवा तो मोहेरचा घ्यावा, इतपत मी दोन तुकड्यांवरून म्हणेन. दोन तुकड्यांवरून नियम करायचा नसतो, हेही मुलांना मीच सांगायचे.

मोहेरची पहिली गुंडी २१० मीटरला संपली, तेव्हा स्कार्फ दोन-तृतीयांश झाला होता. जोडीचा एक फायदा इथं कळला: एक धागा संपला तरी दुसरा चालू असतो, त्यामुळे नवीन टोक जोडलेलं कळतही नाही. जुन्या आणि नव्या मोहेरची वीतभर टोकं मेरिनोबरोबर सात-आठ टाके एकत्रच विणून टाकली. गाठ नाही. एक मात्र सांभाळावं, दोन्ही धागे एकाच जागी संपू देऊ नयेत, नाहीतर तेवढ्या भागाला गोळा येतो.

मोहेर किंवा लोकर अंगाला सोसत नसेल त्यांनी काय करावं, याबद्दल कृतीत एक अक्षर नाही. केसाळ ॲक्रिलिक मिळतं, त्याच्याबरोबर बारीक ॲक्रिलिक धागा चालेल. फक्त त्यावर इस्त्रीची वाफ जवळून देऊ नये, ते एकदा लुळं पडलं की पुन्हा पूर्वीसारखं होत नाही. दोन्ही धागे सुती घेतले तर स्कार्फ जड होतो आणि स्वतःच्या वजनानं लांबत जातो. हलका म्हणून विणायला घेतला असेल तर तो मार्ग नको.

आता जमाखर्च, ज्यासाठी मी एवढा वेळ पेन हातात धरून आहे. ३५२ ओळी झाल्या. गुणिले ४७, म्हणजे १६,५४४ टाके, कडेचे नुसते सरकवलेले धरून. धुऊन वाळवल्यावर लांबी १६० सेंटिमीटर, रुंदी २९. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्कार्फ ७६ ग्रॅम. उरलेलं मेरिनो ११ ग्रॅम, उरलेलं मोहेर १३. बेरीज १००, आणलेल्या लोकरीएवढी, त्यामुळे मला रात्री झोप लागली. मेरिनो ३९ ग्रॅम लागलं म्हणजे ३१२ मीटर. एका टाक्याला जेमतेम १.९ सेंटिमीटर. जावेच्या लोकरीनं तेवढेच ३१२ मीटर दुहेरी विणले असते तर स्कार्फ २२३ ग्रॅमचा झाला असता, मानेवर ओझं ठेवल्यासारखा.

यातला शेवटचा आकडा सोडला तर बाकीचे तुमच्या कृतीत दोन ओळींत मावले असते. कोणत्या धाग्याची किती ग्रॅमला किती मीटर लांबी, सुई किती मिलिमीटर, धुतल्यावर १० सेंटिमीटरमध्ये टाके किती. यापुढे विणकामाची कृती छापाल तेव्हा एवढं छापा, आणि ‘दुपदरी’ऐवजी ‘दोन धागे जोडीनं’ असं स्वच्छ लिहा. जागा कमी पडली तर माझ्या मते फोटो थोडा लहान केला तरी चालेल. जाऊ म्हणते, फोटोला हात लावू नका, तिनं विणायला घेतलं ते त्याच्याकडे बघूनच. तिचंही खरं आहे.

आणि कृती लिहिणाऱ्या बाईंना माझा राग नाही, एवढं कळवा. त्यांनी विणलेला स्कार्फ उत्तमच झालेला दिसतो. हातात कला असलेल्या माणसाला आपण काय काय मोजतो हे लिहायला सुचत नाही; त्यांचं अंदाजानंच बरोबर येतं. आमच्यासारख्यांना आकडे लागतात.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक

ता. क. – जावेनं पुठ्ठा उसवला. लोकर वाया गेली नाही, एकेरी धाग्यानं ५ मिमीवर तिची टोपी चालू आहे. स्कार्फसाठी तिनं माझं उरलेलं ११ आणि १३ ग्रॅम मागून नेलं, नमुन्याचा तुकडा विणायला. काल रात्री साडेदहाला फोन आला, “वहिनी, धुवायच्या आधी मोजायचं की नंतर?” म्हटलं, दोन्ही वेळा, आणि लिहून ठेव. पलीकडून उत्तर आलं नाही, पण कागद फाडल्याचा आवाज आला.